मंडळीत कुणाचं चुकलं तर आधी कुठे बोलायचं?

ख्रिस्ती मंडळीतल्या एखाद्याचं चुकलं, तर पहिली पायरी कोणती? सगळ्यांसमोर सुनावणं? नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशू क्रम सांगतात:

१. आधी दोघांतच बोला.
२. ऐकलं नाही, तर एक-दोघांना सोबत न्या.
३. तरीही नाही, तर मंडळीला सांगा.

मंडळीचंही ऐकलं नाही, तरच त्याला परका समजा. हेतू एकच, दुरावलेला भाऊ परत मिळावा.

पण नुसती चूक दाखवून माणूस घडत नाही. मार्कचंच बघा. पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या प्रवासातून तो अर्ध्यावरच परतला. पुढच्या वेळी पौलाने त्याला न्यायला साफ नकार दिला. यावरून दोघांचं इतकं बिनसलं की वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा मात्र मार्कला घेऊन सायप्रसला गेला. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलच कळवतो, मार्कला घेऊन ये, मला त्याचा उपयोग आहे.

रविवारी उपासनेला शेजारी बसणाऱ्यांनी एकमेकांसाठी हेच करायचं असतं: चूक एकांतात सांगायची आणि मागे पडलेल्याला पुन्हा सोबत घ्यायचं.