रोटर वाढवाल हो, पण शाफ्टचं काय?

हॉस्टेलच्या रूमवर माझदा ७८७बीचा व्हिडिओ लागला, की गप्पा आपोआप बंद होतात. काय तो किंचाळणारा आवाज! आत चार रोटरचं आर२६बी इंजिन. १९९१ मध्ये या गाडीने फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत मारली आणि ती जिंकणारी माझदा पहिली जपानी कंपनी ठरली. व्हिडिओ संपला, की कुणीतरी हमखास म्हणतं, 'चारच का? सहा लावा, आठ लावा!' मी पडले मास कॉमवाली, मला ते पटलंही. मेकॅनिकलचा मित्र मात्र म्हणाला, 'आधी शाफ्टला विचार.'

रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. त्रिकोणी रोटर फिरतो आणि मधल्या एक्सेंट्रिक शाफ्टला फिरवतो. शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटर एक दणका देतो. आर२६बी शर्यतीत ९००० आरपीएमला सुमारे ७०० हॉर्सपॉवर द्यायचं. म्हणजे मिनिटाला ३६ हजार दणके! शाफ्टचं पुढचं टोक एका रोटरचा पीळ सोसतं, गिअरबॉक्सकडचं टोक मात्र चौघांचा.

मग शाफ्ट जाड करा की! व्यास दुप्पट केला तर पीळ सोसायची ताकद आठपट होते. पण जागा कुठंय? शाफ्टला एका स्थिर गिअरच्या पोटातून जावं लागतं. माझदाच्या १३बी इंजिनात हा गिअर साधारण ६० मिमीचा. त्यातून दात, गिअरची जाडी आणि बेअरिंग वजा केलं, की शाफ्टला तिथे उरतात फक्त ४३ मिमी. गिअर वाढवायचा, तर रोटरची सगळी मापंच बदलतात.

लांबीचं दुखणं वेगळंच. लांब शाफ्ट सहज पिळतो, सुटतो, थरथरतो. दणक्यांचा ताल या थरथरीशी जुळला, की झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं होतं. पीळ वाढतच जातो. एका दणक्याने शाफ्ट तुटत नाही. पण कोट्यवधी दणक्यांनी बारीकशी चीर पडते आणि मग खेळ खल्लास.

त्यात जोडणीची कटकट. दोन रोटरपर्यंत शाफ्ट अखंड चालतो. तिसरा आला, की मधल्या रोटरचा गिअर मधल्या भिंतीत बसवावा लागतो आणि शाफ्टचे फुगीर भाग त्यातून जातच नाहीत. म्हणून शाफ्ट तुकड्यांत करून निमुळत्या सांध्याने जोडतात. १९९० च्या युनोस कॉस्मोमधल्या तीन रोटरच्या २०बीलाही हेच करावं लागलं. हा सांधा जराही वाकडा बसून चालत नाही की घसरून चालत नाही.

ट्राय करून बघा: लेक्चर संपल्यावर एक खडू दोन्ही टोकांना धरून पिळा. तो सरळ नाही, तिरका तुटेल. दुसऱ्या खडूला ब्लेडने गोल खाच पाडून पिळा. तो खाचेपाशीच जाईल, तेही कमी जोरात. शाफ्टवर टोकदार कोपरे ठेवत नाहीत, गोलाई देतात, ते याचसाठी.

परवा व्हिडिओ पुन्हा लागला. कुणीतरी 'आठ लावा!' म्हणालंच. मी गुपचूप त्याच्या हातात खडू दिला.