पशुवैद्यकाचे शिक्षण: परळच्या महाविद्यालयापासून जुन्नरच्या उसापर्यंत

मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली परळमध्ये सुरू झाले. शेजारी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय. मुंबईकरांच्या तोंडी मात्र 'बैलघोडा हॉस्पिटल'. त्या काळची मुंबई बैलगाड्या आणि घोडागाड्यांवर चालत होती, त्यामुळे विद्यार्थ्यांना शिकायला रोग्यांची वाण कधीच पडली नाही. महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच आवारात असण्याची ही सोय आजही या शिक्षणाचा कणा आहे.

देशात पशुवैद्यक शास्त्राची पायाभरणी होण्यामागे मोठे कारण होते बुळकांडी. ताप, तोंडात व्रण, मग रक्तमिश्रित हगवण, आणि काही दिवसांत गोठा रिकामा. या रोगाशी लढण्यासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. तिचीच पुढे भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या लसीकरणानंतर २००६ मध्ये भारत आणि २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. माणसाने जगातून कायमचे घालवलेले रोग आजवर दोनच, देवी आणि बुळकांडी. त्यातल्या दुसऱ्याचे श्रेय पशुवैद्यकांचे, आणि ते शाळेच्या पुस्तकातही यायला हवे.

आज महाराष्ट्रातले पशुवैद्यकीय शिक्षण २००० साली स्थापन झालेल्या, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली चालते. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ ही त्याची जुनी पदवी महाविद्यालये. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो. पदवी साडेपाच वर्षांची, त्यातले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे. अभ्यासक्रम भारतीय पशुवैद्यक परिषद ठरवते. १९८४ च्या कायद्यानुसार नोंदणी झाल्याशिवाय पदवीधराला व्यवसाय करता येत नाही.

वैद्यकीय विद्यार्थी एकाच प्राण्याचे शरीर शिकतो. इथे गाय-म्हैस पायाभूत धरून घोडा, शेळी, डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी तिच्याशी ताडून शिकायची असतात. घोड्याला पित्ताशय नसते, कोंबडीला मूत्राशय नसते, रवंथ करणाऱ्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. हे पाठांतर वाटते, पण गोठ्यात त्याचा अर्थ उलगडतो. गाय चारा घाईने गिळते आणि नंतर रवंथ करते, त्यामुळे चाऱ्यातला खिळा किंवा तारेचा तुकडा तिला जाणवत नाही. तो जाळीपोटात जाऊन पडतो. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये एक पातळ पडदाच असतो. पोटाच्या आकुंचनाने तार पुढे सरकते आणि हृदयावरणात शिरते. मग गाय कोपर बाहेर काढून उभी राहते, उतारावरून चालायला कुरकुरते, मानेची शीर फुगते, पोळीवर सूज येते. ही चिन्हे जोडून पाहता येणे म्हणजेच निदान. त्याला मोठे यंत्र लागत नाही, शरीररचना डोळ्यांसमोर असावी लागते.

बोटांचे शिक्षण त्याहून संथ असते. गाय गाभण आहे का हे पाहण्यासाठी विद्यार्थी खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून गुदमार्गातून हात घालतो आणि आतड्याच्या भिंतीतून गर्भाशय चाचपतो. सुरुवातीला सगळे सारखेच लागते. मग हळूहळू गर्भाशयाची दोन शिंगे, त्यातले एक फुगलेले, अंडाशयावरचा उंचवटा वेगळे कळू लागतात. गर्भ चारेक महिन्यांचा झाला की गर्भाशयाच्या रोहिणीत थरथर लागते. सोनोग्राफी आली तरी खेड्यातल्या गोठ्यात हाच हात चालतो. शेतकऱ्याला गाय उलटली की ठरली हे वेळेत कळले नाही, तर तीन आठवड्यांचा एक माज आणि पाठोपाठ दुधाचे दिवस वाया जातात.

औषधशास्त्र शिकताना आणखी एक गोष्ट भिनवली जाते: जनावराला दिलेले औषध जनावरापाशी थांबत नाही. प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध ठराविक काळ विकायचे नसते. डायक्लोफेनॅकने तर सबंध उपखंडाला धडा दिला. हे वेदनाशामक दिलेली जनावरे मेली, त्यांचे मांस गिधाडांनी खाल्ले, मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे पटापट मरू लागली. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली, तोवर गिधाडांच्या काही जाती जवळपास संपल्या होत्या.

पदवीनंतरची सर्वांत परिचित वाट सरकारी सेवेची. लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकारी म्हणून नेमणूक होते, ती गट-अ दर्जाची. दिवसभर दवाखाना, अडलेल्या गाईंसाठी रात्री-अपरात्री फोन, आणि मोहिमा: लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या. ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात. ती जिवंत जंतूंची असल्याने सुई स्वतःला टोचली तर लस देणाराच आजारी पडू शकतो. २०२२ मध्ये लंपी पसरली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचत हेच अधिकारी गावोगाव फिरले. हे काम पत्रकात आकडे होऊन जाते, पण एका गाईवर घर चालवणाऱ्या बाईला त्याची खरी किंमत कळते.

बाकीच्या वाटा बऱ्याच आहेत. दूध संघ, पशुखाद्य आणि लस कंपन्या, कुक्कुटपालन (तिथे एका पक्ष्यापेक्षा कळपाचा विचार आधी), 'बायफ'सारख्या संस्थांची कृत्रिम रेतनाची कामे, विमा आणि बँका. कत्तलखान्यात कापण्याआधी जनावराची आणि नंतर मांसाची तपासणी पशुवैद्यकच करतो. शहरवासीयांच्या ताटाशी त्याचा थेट संबंध असूनही याची फारशी जाणीव नसते. सैन्यात घोडे, खेचरे आणि श्वान सांभाळणाऱ्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये अधिकारी होता येते. मुंबई-पुण्यात कुत्र्या-मांजरांच्या खासगी दवाखान्यांकडे तरुणांचा ओढा आहे, आणि शस्त्रक्रिया किंवा क्ष-किरणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना तिथे चांगली मागणी आहे.

वन्यजीवांचे काम ऐकायला आकर्षक, करायला कठीण. जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या राहतो, विहिरीत पडतो, पिंजऱ्यात अडकतो. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. तिथल्या पशुवैद्यकाला जनावराचे वजन डोळ्यांनी अंदाजून भुलीची मात्रा भरावी लागते: कमी पडली तर बिबट्या अर्धवट शुद्धीत हल्ला करतो, जास्त झाली तर श्वास मंदावतो. गुंगी आल्यावर डोळ्यांवर कापड, तापमान आणि श्वासावर सतत नजर, आणि काम उरकताच उताऱ्याचे इंजेक्शन. भोवती जमलेली गर्दी आवरणे हेही त्याच्या कामातच येते. नागपूरला गोरेवाड्याच्या केंद्रात विद्यापीठाकडून याच विषयाचे संशोधन आणि प्रशिक्षण चालते.

परदेशात व्यवसाय करायचा तर इथली पदवी पुरेशी नसते. अमेरिकेत आधी भारतीय पदवीच्या समकक्षतेची प्रक्रिया, तीतली प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा आणि परवान्याची परीक्षा पार करावी लागते; त्यात बहुधा काही वर्षे आणि बराच पैसा जातो. संशोधनाकडे वळणारे एमव्हीएस्सी आणि पीएचडी करून भारतातल्याच कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांमध्ये आणि विद्यापीठांमध्ये काम करतात.