अणूच्या गाभ्यातला भोवरा

श्रोतेहो, भोवरा आपण सगळ्यांनीच फिरवला आहे. जोरात फिरणारा भोवरा जरासा कलला तरी पडत नाही. त्याचा आस डुलत डुलत गोल फिरतो. अणूच्या गाभ्यालाही अशीच फिरकी असते. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वर्गातलं एखादं चलाख पोर गुरुजींना अडवील. तिथे खरोखरीची गोळी गरगरत नसते. ही फिरकी कणाला जन्मजातच असते आणि तिची मापेही ठरलेली : अर्धा, एक, दीड. मधले काही नाही.

साध्या हायड्रोजनचा गाभा म्हणजे एकटा प्रोटॉन. त्याची फिरकी अर्धा. त्याला एक न्यूट्रॉन जोडला की झाला जड हायड्रोजन. त्याची फिरकी एक. हेलियम-४ मध्ये दोन प्रोटॉन नि दोन न्यूट्रॉन. जोडीतल्या एकाचे तोंड इकडे, दुसऱ्याचे तिकडे; हिशेब शून्य! त्यातला एक न्यूट्रॉन कमी असला, म्हणजे हेलियम-३ घेतला, तर पुन्हा अर्धा. आणि ती फिरकी बहुतेक उरलेल्या एकट्या न्यूट्रॉनची.

हे मोजले कसे? फिरकी असलेला गाभा चिमुकला लोहचुंबकही असतो. मोठ्या चुंबकात ठेवला की तो भोवऱ्यासारखा डुलतो. दीड टेस्ला चुंबकात प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा डुलतो, जड हायड्रोजनचा गाभा फक्त ९८ लाख वेळा. नेमक्या त्याच लयीची रेडिओलहर सोडली, की गाभा ती उचलतो. तुम्ही काटा फिरवून केंद्र लावता ना, तसंच! ही युक्ती १९४६ मध्ये अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी वेगवेगळी साधली. १९५२ चे नोबेल दोघांना मिळून मिळाले.

ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये आपले डॉ. एस. एस. धर्मट्टी काम करीत. १९५१ साली अर्नोल्ड व पॅकर्ड यांच्यासह त्यांनी मद्यार्क तपासला, तर हायड्रोजनच्या एका खुणेऐवजी तीन दिसल्या, तीनास दोनास एक या प्रमाणात. रेणूत हायड्रोजन तीन जागी तसाच वाटलेला असतो! पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनीच या विद्येची प्रयोगशाळा उभारली.

प्रोटॉनची फिरकी येते कुठून, हे मात्र अजून पुरते उलगडलेले नाही. १९८८ मध्ये युरोपातल्या सर्न येथील प्रयोगाने दाखवले, की आतल्या क्वार्कांच्या फिरकीचा वाटा फारच थोडा आहे. आज तो एकतृतीयांशाच्या आसपास मानतात.

आता कामाचं सांगतो. संभाजीनगरच्या इस्पितळात एमआरआय काढायला सांगितला, की घरची मंडळी घाबरतात; किरणांनी अपाय होईल म्हणतात. त्यात क्ष-किरण नसतात. तुमच्या अंगातल्या पाण्याचे प्रोटॉन डुलतात, त्यांचीच हाक यंत्र ऐकते. भीती बाळगायची ती चुंबकाची. छातीत पेसमेकर असेल, किंवा वेल्डिंग करताना, लेथवर कधी डोळ्यात लोखंडाची कीस गेली असेल, तर आत जाण्याआधी डॉक्टरांना आठवणीने सांगा.