दोन गोळ्यांमधले दिवस

वॉरफेरिन 1948 साली बाजारात आलं ते उंदरांचं विष म्हणून. 1954 मध्ये ते माणसांना द्यायला मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच देण्यात आलं. (‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात खरं, पण रक्त पातळ होत नाही, गुठळी धरायला वेळ लागतो, इतकंच.)

औषध स्वस्त, पण कटकटीचं. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने त्याचा जोर उतरतो, म्हणून आयएनआर ही रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. रोजंदारीवरच्या माणसाचा दर वेळी एक खाडा.

त्याच कामाच्या अपिक्साबान या नव्या गोळीला ही तपासणी लागत नाही. मग गोळी बदलून मोकळं का होऊ नये?

कारण वॉरफेरिन बंद केल्यावरही त्याचा अंमल काही दिवस राहतो. आयएनआर 2 च्या खाली उतरला की मगच अपिक्साबान सुरू करायचं. घाई झाली तर रक्तस्राव, विसर पडला तर गुठळी. अमेरिकेत गरिबांसाठी चालणाऱ्या अनेक आरोग्य केंद्रांत हे मधले दिवस फार्मासिस्ट सांभाळतात. घरातल्या सगळ्या बाटल्या आणायला सांगायच्या, जुनी गोळी वेगळी काढायची, वय, वजन, मूत्रपिंडाचा अहवाल पाहायचा, फोन करून तारखेची आठवण द्यायची.

कधी ‘बदलू नका’ हेही सांगावं लागतं. हृदयात यांत्रिक झडप बसवलेल्यांना नव्या गोळ्या चालत नाहीत. ऱ्हुमॅटिक तापाने झडप खराब होऊन हृदयाचे ठोके अनियमित झालेल्या रुग्णांवर ‘इन्व्हिक्टस’ अभ्यास झाला. 2022 मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत रिव्हारोक्साबान या दुसऱ्या नव्या गोळीपेक्षा जुनी औषधंच सरस ठरली. असे रुग्ण भारतात बरेच असल्याने हा निष्कर्ष आपल्या कामाचा.

खरी अडचण पैशाची. अपिक्साबानची अमेरिकेतली महिन्याची छापील किंमत 2023 मध्ये 500 डॉलरच्या वर होती. विमा सुटला की गोळी सुटते, आणि हिचा अंमल वॉरफेरिनसारखा रेंगाळत नाही. दिवसा-दोन दिवसांत ओसरतो. म्हणून पहिली गोळी देण्याआधीच फार्मासिस्ट पुढच्या महिन्यांची सोय पाहतो: 1992 पासूनच्या ‘340बी’ योजनेतली सवलत, नाहीतर कंपनीकडून फुकट औषध मिळवण्याचा अर्ज.

आणखी एक प्रश्न तो विचारतो: रात्री जेवण होतं का? रिव्हारोक्साबानच्या 15 आणि 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या जेवणासोबत घेतल्या तरच नीट शोषल्या जातात. ज्याच्या जेवणाचा भरवसा नाही, त्याच्यासाठी तो डॉक्टरांना अपिक्साबान सुचवतो. ते दिवसातून दोनदा घ्यावं लागतं, पण रिकाम्या पोटीही चालतं.