वैमानिकाची श्वासपरीक्षा

आगगाडी, आगबोट किंवा विमान ह्यांपैकीं कशांतहि बसणारा मनुष्य आपला जीव कांहीं काळ एका अपरिचित मनुष्याच्या हातीं सोंपवितो. आगगाडीला निदान रुळांचा आधार असतो. विमानाला तेवढाहि नसतो. आपल्यापैकीं कित्येकांचे आप्त नोकरीनिमित्त मुंबईहून विमानानें दूरदेशीं जातात. त्यांस निरोप देऊन आपण घराकडे वळतों, त्या सुमारास त्यांचा वैमानिक एका लहानशा यंत्रांत फुंकर मारीत असतो, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. त्यानें मद्य घेतलें आहे कीं नाहीं, हें तें यंत्र सांगतें. इतक्या शिकलेल्या व प्रतिष्ठित अधिकाऱ्याची अशी झडती घेणें हा त्याचा अपमान नव्हे काय, असें कोणी विचारतील. आमच्या मतें त्यांत अपमान मुळींच नाहीं. असें आम्हांस कां वाटतें, तें येथें थोडक्यांत सांगतों.

मद्य पोटांत गेलें म्हणजे तें रक्तांत मिसळून मेंदूपर्यंत पोंचतें. तेथें प्रथम विवेक मंद होतो व मागाहून हातपाय. आपण पूर्ण शुद्धीवर आहों असें पिणाऱ्यास वाटत असतें. कारण स्वतःची पारख करणारी शक्तीच आधीं क्षीण झालेली असते. शिवाय कानाच्या आंतल्या भागांत शरीराचा तोल सांभाळण्यास मदत करणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांच्या कामांत मद्यामुळें बिघाड होतो. ढगांत किंवा काळोख्या रात्रीं क्षितिज दिसत नाहीं, अशा वेळीं विमान सरळ चाललें आहे कीं कलत आहे, ह्याविषयीं निर्व्यसनी मनुष्याचीहि फसगत होते. मग मद्यप्याची काय कथा! यकृत मद्याचा निचरा करितें, परंतु तें आपल्याच गतीनें. रक्ताच्या 100 मिलिलिटरांमागें तासाला सुमारें 15 मिलिग्रॅम मद्य कमी होतें. कॉफी प्याली किंवा थंड पाण्यानें स्नान केलें तरी ही गति वाढत नाहीं. ज्याच्या रक्तांत हें प्रमाण 150 आहे, त्याचें रक्त स्वच्छ होण्यास सुमारें 10 तास लागतील, असें साधा भागाकार सांगतो.

आतां त्या यंत्राविषयीं. रक्त फुप्फुसांतून वाहतांना त्यांतील मद्याचा अल्प अंश वाफेच्या रूपानें श्वासांत उतरतो. तो श्वास यंत्रांतील प्लॅटिनमवर आला म्हणजे मद्याचें रूपांतर व्हिनेगारमध्यें असणाऱ्या आम्लांत होतें, व ह्या क्रियेंत सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो. मद्य जितकें अधिक, तितका प्रवाह अधिक. ह्या रचनेस फ्युएल सेल असें नांव आहे. चूळ भरण्याच्या कांहीं औषधांतहि मद्य असतें. ह्यासाठीं पहिल्या परीक्षेंत मद्य आढळल्यास तोंड धुण्यास अवधि देऊन 15 ते 20 मिनिटांनीं दुसरी परीक्षा घेतात. तेवढ्या वेळांत तोंडांतील मद्य निघून जातें, रक्तांतील जात नाहीं. निरपराध मनुष्यावर बालंट येऊं नये, अशीहि तजवीज येथें केलेली आहे.

अशी परीक्षा नसे, त्या काळीं काय घडलें तें पाहूं. दिनांक 3 जानेवारी 1961 रोजीं फिनलंड देशांत वासा शहराकडे जाणारें एक विमान कोसळून त्यांतील सर्व 25 जण प्राणांस मुकले. दोन्ही वैमानिकांच्या रक्तांत मद्य आढळलें. दुसरी गोष्ट अमेरिकेंतील अलास्का प्रांताची. दिनांक 13 जानेवारी 1977 रोजीं जपान एअर लाइन्सचें एक मालवाहू विमान गुरें घेऊन अँकरेज येथून टोकियोस निघालें होतें. कॅप्टनला विमानतळावर आणणाऱ्या टॅक्सीवाल्यास त्याची अवस्था पाहून शंका आली. त्यानें ती आपल्या कचेरीस कळविली व तेथून ती विमानतळावरील मंडळींच्या कानीं गेली. तरीहि विमान थांबलें नाहीं. तें वर उठतांच कोसळलें आणि त्यांतील पांचहि माणसें मेलीं. चौकशी करणाऱ्या मंडळानें कॅप्टनच्या मद्यपानास तर दोष दिलाच, पण त्याला न अडविणाऱ्या सोबत्यांसहि दिला.

हे सोबती दुष्ट नव्हते. मरणाची हौस तर त्यांस खास नव्हती. परंतु वयानें व अधिकारानें वडील असलेल्या मनुष्यास, "साहेब, आज आपण उडूं नये," असें तोंडावर सांगणें किती कठीण असतें, हें आपण सर्व जाणतों. भीड ही भिकेची बहीण, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें भिडेपायीं प्राण गेले.

असाच प्रकार पुढें लंडन येथें घडूं पाहत होता. इंग्लंडांत 2003 सालच्या कायद्यानें वैमानिकाच्या रक्तांतील मद्याची मर्यादा 100 मिलिलिटरांस 20 मिलिग्रॅम ठरविली आहे. मोटार हांकणाऱ्यास ती 80 आहे. ऑक्टोबर 2018 मध्यें टोकियोस निघालेल्या एका सहवैमानिकाच्या रक्तांत हें प्रमाण 189 भरलें. कंपनीच्या स्वतःच्या तपासणींत तो सांपडला नव्हता. त्याच्या श्वासाचा वास विमानतळावरील बसगाडीच्या चालकास आला व त्यानें तत्काळ वर्दी दिली. सहवैमानिकास 10 महिन्यांची कैद झाली. विमान उशिरां कां होईना, सुखरूप गेलें. 1977 व 2018, मध्यें 41 वर्षें गेलीं; पण दोन्ही वेळीं बोलला तो गाडी हांकणारा साधा मनुष्यच.

ह्यावरून परीक्षेचें खरें मर्म ध्यानांत येईल. यंत्राला भीड नसते. तें कॅप्टन व नवशिका ह्यांत भेद करीत नाहीं. जी परीक्षा सर्वांचीच होते, ती कोणा एकाचा अपमान करूं शकत नाहीं. उलट सोबत्याच्या छातीवरील एक मोठें ओझें ती उतरविते.

भारतांत उड्डाणापूर्वीं 12 तास मद्य वर्ज्य आहे, आणि श्वासांत त्याचा लेशहि चालत नाहीं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2015 सालच्या नियमांनीं पहिल्या अपराधास तीन महिने व दुसऱ्यास तीन वर्षें परवाना स्थगित, आणि तिसऱ्यास परवाना रद्द, अशी शिक्षा ठरविली. गांजा, अफू, कोकेन इत्यादि पदार्थांसाठीं जानेवारी 2022 च्या अखेरीपासून निराळी तपासणी सुरू झाली. तींत पहिल्यानें सांपडलेल्यास व्यसनमुक्तीच्या उपचारासाठीं पाठवावें, असें ठरलें.

ही शेवटची गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. दिनांक 8 मार्च 1990 रोजीं अमेरिकेंतील फार्गो गांवाहून मद्याच्या अमलाखालीं विमान नेल्याबद्दल कॅप्टन लाइल प्राउस व त्यांचे दोन सोबती ह्यांस कारावास घडला. प्राउस ह्यांस 16 महिन्यांची शिक्षा झाली व परवाना गेला. त्यांनीं दारू कायमची सोडली, पुन्हां परीक्षा दिल्या, आणि त्यांच्याच जुन्या कंपनीनें त्यांस परत घेतलें. ते कॅप्टन म्हणूनच निवृत्त झाले व 2001 सालीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनीं त्यांस क्षमा दिली. उधळ्या पुत्राचा दृष्टांत ज्यांनीं वाचला आहे, त्यांस ह्याचें नवल वाटूं नये. मात्र परत येण्यापूर्वीं आपली चूक उघडी व्हावी लागते, हेंहि त्या दृष्टांतांत आहेच.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील फार थोडे वैमानिक होतील. पण मित्राचें व्यसन पाहून गप्प बसण्याचा मोह तुम्हां सर्वांस केव्हां ना केव्हां होईल. गुटख्याची पहिली पुडी किंवा पहिला पेला तुमच्या देखत उघडला जाईल. तेव्हां चुगली करणें वेगळें व जीव वांचविणें वेगळें, हा भेद ओळखा. त्याला एकान्तांत समजावा, आणि तो न ऐकेल तर वडील माणसांस सांगा. पालकांसहि आमची विनंति आहे, कीं घरांतील कोणाचें मद्यपान अब्रूच्या भयानें झांकूं नये. वेळींच वैद्याची मदत घ्यावी. काइनानें आपल्या भावाविषयीं देवास उलट प्रश्न केला होता. तो प्रश्न आपल्याहि मनांत येईल त्या वेळीं अँकरेजच्या त्या टॅक्सीवाल्याचें स्मरण ठेवावें. त्याचें कोणी ऐकलें नाहीं, पण त्यानें आपलें कर्तव्य केलें.