हातातल्या राउटरने 'स्लायडिंग डोव्हटेल' सांधा कसा कापायचा? (आणि तो कोकणात का लागतो)

राउटर म्हटलं की भिंतीवरचा, हिरवे दिवे लुकलुकणारा वायफायचा डबा डोळ्यांसमोर येतो. माझं पोटही त्याच डब्यावर चालतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि मालवणजवळच्या घरातूनच काम करतो. पण आजचा राउटर सुतारकामातला आहे: हातात धरायची वेगवान मोटर, खाली सपाट तळ आणि तळातून बाहेर आलेलं फिरतं पातं.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा परसातला आजोबांनी लावलेला फणस पडला. त्याच्या फळ्या पाडून घेतल्या, दोन वर्षं पडवीत सुकवल्या आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यातून कामाचं टेबल केलं. वरचा भाग सपाट राहावा म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या गोंद आणि स्क्रूने घट्ट बसवल्या. जानेवारीत एका रात्री 'कट्ट' असा आवाज आला. सकाळी बघतो तर फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा!

वाडीतल्या सुतारकाकांना दाखवलं. ते म्हणाले, "लाकूड पावसात फुगतला रे बाबा, तेका जागा दी." उरलेल्या फळ्यांत अजून एकच टेबल होणार होतं आणि तसं झाड परत मिळणार नव्हतं. म्हणून या वेळी आधी अभ्यास केला.

फळी फुटली का?

लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं. त्यामुळे ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत बदलतं. अगदी कमी धरून, ओलाव्याच्या दर एक टक्क्याला ०.१ टक्का फरक पडतो असं समजू. ४५० मिमी रुंद फळीत ओलावा ६ टक्क्यांनी कमी झाला, तर फळी २.७ मिमी आकसते. आडवी पट्टी मात्र तिच्या लांबीत तेवढीच राहते. मी ऑगस्टमध्ये फुगलेली फळी जखडून टाकली होती. थंडीत तिला आकसायचं होतं, पट्टी सोडेना, मग ती फुटली.

स्लायडिंग डोव्हटेलमध्ये फळीला आडवी खाच असते. ती वर अरुंद आणि तळाशी रुंद, म्हणजे कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखी. पट्टीच्या कडेला त्याच आकाराची जीभ असते, आणि ती बाजूने सरकवून आत घालतात. पट्टी वर उचलली जात नाही, म्हणून फळी वाकत नाही. पण फळी पट्टीवरून सरकू शकते, म्हणून ती फुटतही नाही. राउटर नव्हता तेव्हाही हा सांधा करवत आणि पटाशीने कापला जायचाच.

आधी थोडं गणित

माझं डोव्हटेल पातं तळाशी १२.७ मिमी रुंद आणि १४ अंशांचं आहे. फळी रंधून २८ मिमी जाड उरली, खाच ९ मिमी खोल ठरवली. खाचेचं तोंड किती रुंद येईल?

१२.७ − (२ × ९ × ०.२५) = ८.२ मिमी (१४ अंशांचा टॅन्जंट साधारण ०.२५)

हे कळणं गरजेचं आहे, कारण डोव्हटेल पातं टप्प्याटप्प्याने खोल नेता येत नाही. पूर्ण खोलीवर एकाच फेरीत चालवावं लागतं. त्याच्यावरचा भार कमी करायला आधी साध्या सरळ पात्याने मधलं लाकूड काढायचं. ८.२ मिमीच्या तोंडात ६ मिमीचं सरळ पातं आरामात मावतं.

खाच कापताना

१. प्लायवूडची सरळ पट्टी गाईड म्हणून फळीवर क्लॅम्प करा आणि गुण्याने काटकोन तपासा. राउटरच्या तळाच्या कडेपासून पात्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टाकाऊ तुकड्यावर कापून मोजा. खाचेच्या मध्यरेषेपासून तेवढ्याच अंतरावर गाईड हवी.

२. राउटर स्वतःपासून पुढे ढकलत असाल तर गाईड डावीकडे ठेवा. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, त्यामुळे राउटर डावीकडे ओढला जातो. गाईड तिथेच असेल तर तो तिला चिकटून चालतो. उजवीकडे ठेवलीत तर खाच वाकडी होणार.

३. सरळ पात्याने दोन-तीन फेऱ्यांत ८.५ मिमीपर्यंत जा. मग गाईड जराही न हलवता डोव्हटेल पातं लावून ९ मिमीवर एक फेरी मारा. तळाची एकच बाजू गाईडला लागलेली ठेवा, कारण पातं तळाच्या अगदी मध्यावर असेलच असं नाही.

४. पातं जिथून बाहेर पडणार त्या कडेला टाकाऊ तुकडा दाबून लावा, नाहीतर कडेचा तुकडा उडतो.

५. राउटर मध्येच वर उचलू नका. पातं खाली रुंद आहे, उचललं की खाचेचं तोंड फाटतं. आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. लाईट गेली तर राउटर तिथेच ठेवून आधी स्विच बंद करा. नाहीतर वीज येताच तो आपोआप सुरू होऊ शकतो.

जीभ कापताना

पट्टीची कड राउटरला उभं राहायला फार अरुंद असते. म्हणून पट्टीच्या दोन्ही बाजूंना टाकाऊ लाकडाचे ठोकळे क्लॅम्प करून वरची पातळी एक करा. राउटरची स्वतःची गाईड उजवीकडच्या ठोकळ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवा आणि पुढे ढकलत जिभेची उजवी बाजू कापा. मग दुसऱ्या टोकाला जाऊन तसंच करा. पातं आणि खोली तीच ठेवा.

जीभ आधी मुद्दाम जाड ठेवा. त्यासाठी ठोकळ्याच्या बाहेरच्या बाजूला प्रिंटरच्या कागदाचे चार-पाच थर चिकटवा. एक कागद साधारण ०.१ मिमी असतो. दोन्हीकडचा एकेक काढून पुन्हा कापलं की जीभ ०.२ मिमी बारीक होते. तपासायचं, कागद काढायचा, परत तपासायचं. टेस्टिंगची सवय इथे कामी आली. अर्थात हे सगळं आधी टाकाऊ तुकड्यावर!

दोन गोष्टी विसरू नका

जीभही पावसात थोडी फुगते, खाचेची रुंदी मात्र फळीच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे तेवढीच राहते. म्हणून उन्हाळ्यात बसवत असाल तर जीभ किंचित सैल ठेवा. आणि गोंद लावायचाच असेल तर फक्त मधल्या दोन-तीन इंचांत. बाकी जिभेला मेणबत्ती घासा, पट्टी छान सरकते.

पातं बदलताना प्लग काढाच. ६ मिमी आणि पाव इंच (६.३५ मिमी) दांडे दिसायला सारखे असतात, पण एकाच्या कॉलेटमध्ये दुसरा बसवू नका. चष्मा, मास्क आणि कानांना संरक्षण हवंच.

दुसरं टेबल मी २०२४ च्या मेमध्ये बसवलं. पट्ट्यांची टोकं फळीच्या कडेशी बरोबर जुळवली होती. जुलैत हात फिरवला तर फळीची कड पट्टीच्या जरा पुढे आलेली, जानेवारीत परत आत गेलेली. तडा कुठेच नाही. आजोबांचा फणस अजून पाऊस ओळखतो, फक्त आता त्याला हलायला जागा आहे. तुम्ही सुरुवात करणार असाल तर थेट टेबल नको. एक छोटा पाट करा, त्याच्या खालच्या दोन पट्ट्यांवर हे सगळं शिकून होतं.