घरच्या घरीं जर्मन

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुमारास आमच्या घरीं एक प्रश्न उभा राहिला. आमच्या धाकट्या बंधूंची नात त्या वेळीं आठवींत होती. शाळेंत संस्कृत आणि जर्मन यांपैकीं एक भाषा निवडावयाची होती. तिनें जर्मन निवडली. ज्या घरांत अमरकोश पाठ करण्याची चाल तीन पिढ्या चालत आली, त्या घरांतील मुलीनें संस्कृताकडे पाठ फिरवावी याचें आम्हांस वाईट वाटलें होतें. बोलून मात्र दाखविलें नव्हतें. पुढें जर्मन शिकविणाऱ्या बाई परगांवीं गेल्या, त्यांच्या जागीं कोणी मिळेना, आणि मुलीनें तर फाल्गुनांत पुण्यास होणाऱ्या परीक्षेस बसण्याचें मनाशीं पक्कें केलेलें. "यंदां राहूं दे," असें तिचे वडील म्हणाले. मुलगी आमच्या खोलींत येऊन म्हणाली, "आबा, तुम्ही जन्मभर व्याकरण शिकविलेंत ना? मग मला हें शिकवा." जर्मनचें एक अक्षरहि आम्हांस येत नव्हतें, तरी आम्हीं होकार दिला.

परीक्षा कोणती तें प्रथम सांगितलें पाहिजे. ग्योथे इन्स्टिट्यूट ही जर्मन संस्था आपल्या देशांत मॅक्सम्युलर भवन या नांवानें ओळखली जाते. तिच्या परीक्षांच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर १० ते १६ वर्षांच्या मुलांसाठीं ‘फिट इन डॉइच १’ ही परीक्षा असते. तिचे भाग चार : ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें. एकूण गुण १००, आणि उत्तीर्ण होण्यास ६० हवेत. व्याकरणाची निराळी प्रश्नपत्रिका या परीक्षेंत नाहीं. ही गोष्ट आम्हीं वाचली होती, परंतु तिचा अर्थ आमच्या ध्यानीं आला नव्हता.

आम्ही बाजारांतून एक व्याकरण आणलें, आणि पहिल्याच आठवड्यांत आम्हांस हर्ष झाला. जर्मन भाषेंत लिंगें तीन व विभक्ती चार : प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. आठ विभक्ती पाठ केलेल्यास चारांचें भय तें काय! मुलीसाठीं असलेला ‘मेडशन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, याचें इंग्रजी शिकलेल्यांस हसूं येतें. पण पत्नीवाचक ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आणि ‘दार’ पुल्लिंगी बहुवचनी, हें ज्यानें घोकलें आहे त्यास त्यांत नवल वाटत नाहीं. एकवीस म्हणतांना जर्मन मनुष्य ‘एक आणि वीस’ म्हणतो; आपणहि एक आधीं आणि वीस मागून म्हणतों. ‘आउफश्टेहन’ म्हणजे उठणें. त्यांतील ‘श्टेहन’ हा आपल्या स्था धातूचाच भाऊबंद, आणि ‘आउफ’ हा उपसर्ग. वाक्यांत हा उपसर्ग धातूपासून सुटून अगदीं शेवटीं जाऊन बसतो. वेदांत उपसर्ग धातूपासून दूर राहूं शकतो, हें पाणिनीनें नोंदून ठेविलेंच आहे. दुहितृ आणि ‘टोख्टर’, भ्रातृ आणि ‘ब्रूडर’, अस्ति आणि ‘इस्ट’ हीं नातीं तर शाळेंतील मुलासहि दिसावीं. हीं नातीं शास्त्रशुद्ध रीतीनें मांडण्यास फ्रान्झ बॉप या जर्मन पंडितानें १८१६ सालीं आरंभ केला.

असा आमचा पाठ महिनाभर चालला. ‘डेर, डी, डास’ हीं रूपें मुलगी रामः रामौ रामाः या चालीवर म्हणूं लागली, आणि घरांतील मंडळींस कौतुक वाटलें. एके दिवशीं ‘पिता’ या अर्थाचा शब्द आला. त्याचें पहिलें अक्षर इंग्रजी व्ही. आम्हीं तो ‘वाटर’ असा वाचला. मुलगी हळूच म्हणाली, "बाई ‘फाटर’ म्हणत असत." आम्ही म्हणालों, "अक्षर समोर दिसतें आहे ना? जसें लिहिलें तसें वाचावें." तिनें मान खालीं घातली आणि ‘वाटर’ म्हटलें. ‘दोन’ या शब्दाचें पहिलें अक्षर झेड. तो आम्हीं ‘झ्वाय’ असा शिकविला. तोहि तिनें निमूटपणें घेतला.

परीक्षेस सात आठवडे उरले असतां आम्हीं नमुन्याची प्रश्नपत्रिका व तिचें ध्वनिमुद्रण काढलें. दोन्हीं संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मोबाइलवर एक मुलगा मित्राला निरोप देत होता. आम्ही दोघेंहि कान देऊन ऐकत होतों, पण आम्हांस कांहीं कळलें नाहीं. पुन्हां लावलें, तिसऱ्यांदा लावलें. शेवटीं छापील उत्तर पाहिलें, तेव्हां निरोपांतील वेळ दोनची निघाली. तो मुलगा स्वच्छ ‘त्स्वाय’ म्हणत होता, आणि आमचे कान ‘झ्वाय’ शोधत होते. पुढच्या संवादांत ‘फाटर’ हा शब्द आला. मुलीनें आमच्याकडे एकदां पाहिलें. बोलली कांहींच नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. वेदपाठ शिकतांना गुरूच्या मुखांतून ऐकल्यावांचून स्वर येत नाहीं, असें आम्हींच वर्गांत शेंकडों वेळां सांगितलेलें. ज्याचें नांव या संस्थेनें येथें धारण केलें, त्या मॅक्सम्युलरनें सायणभाष्यासह ऋग्वेद संपादिला, पण तो हिंदुस्थानांत एकदांहि आला नाहीं. उलट फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ ते १८८१ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत होता. तेथें त्यानें आपल्या शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण वाचलें, आणि मग पतंजलीचें महाभाष्य छापलें. दोघेहि थोर, पण भाषा तोंडीं यावी असें वाटत असेल तर वाट कीलहॉर्नची. एवढें ठाऊक असून आम्हीं मुलीस पुस्तकाच्या स्वाधीन केलें, आणि तिचा कान बरोबर असतां वडीलपणाच्या जोरावर तो चुकीचा ठरविला.

सकाळीं चहाच्या वेळीं सर्वांदेखत आम्हीं तिला म्हटलें, "बाईंचें बरोबर होतें, तुझें बरोबर होतें, चूक आमची." घरांत क्षणभर शांतता पसरली. मग ती म्हणाली, "आबा, आतां मी वाचतें, तुम्ही ऐका."

तेव्हांपासून क्रम बदलला. सकाळीं अर्धा तास केवळ ऐकणें, व ऐकलेलें वाक्य त्याच चालीवर मोठ्यानें म्हणणें. डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचे विनामूल्य पाठ या कामीं फार उपयोगी पडले. दुपारीं तीसेक शब्दांचें एक पत्रोत्तर. घरांतील वस्तूंवर चिठ्या लावल्या : पुल्लिंगास निळी, स्त्रीलिंगास तांबडी, नपुंसकलिंगास हिरवी. तोंडी परीक्षेंत स्वतःची ओळख सांगावी लागते, प्रश्न विचारावे लागतात व कांहीं मागावें लागतें. म्हणून रात्रीच्या जेवणांत मीठ, पाणी, ताक जें हवें तें जर्मनमध्यें मागावयाचें, असा नियम ठरला. आमच्या सौभाग्यवतीहि ‘बिटे’ म्हटल्याखेरीज ताक वाढीनात. बरोबरीच्याला ‘डू’ आणि मोठ्याला ‘झी’, हा भेद मात्र कोणास शिकवावा लागला नाहीं. ‘तूं’ आणि ‘आपण’ ज्या घरांत बोलतात तेथें तो आयताच येतो.

परीक्षेच्या दिवशीं आम्हीच तिला घेऊन पहांटेच्या एस्टीनें पुण्यास गेलों, आणि बाहेर बाकावर बसून राहिलों. निकाल लागला तेव्हां ७४ गुण मिळाले. ऐकण्याच्या भागांत सर्वांत कमी होते. ते कोणाच्या खात्यावर मांडावे हें आम्हांस ठाऊक आहे.

हें लिहिण्याचें कारण एवढेंच कीं, शिक्षकावांचून भाषा शिकण्याचा प्रसंग आतां पुष्कळ घरांत येतो. ज्या घरीं संस्कृताचा संस्कार आहे तेथें जर्मन व्याकरणाचें भय धरण्याचें कारण नाहीं. तें वडील मंडळींनीं खुशाल शिकवावें. परंतु उच्चार त्या भाषेच्या माणसाच्या तोंडचाच ऐकवावा, पहिल्या दिवसापासून ऐकवावा, आणि मूल "असें नव्हे, तसें" म्हणालें तर पुस्तक मिटून आधीं त्याचें ऐकावें. मुलगी आतां पुढच्या पायरीचा अभ्यास करीत आहे. संस्कृत तिनें घेतलें नाहीं, आणि आम्हीहि आग्रह धरीत नाहीं. रोज सायंकाळीं ती जर्मन वाचते, आम्ही तिच्या मागून म्हणतों, आणि ‘त्स्वाय’ आमच्या जिभेवर अजून नीट बसलेला नाहीं.